इंदापूरचं कालवण आणि बारामतीचा गाळा

यासीनभाई आतार यांनी मला फसवलं. त्यांनी मला इंदापूरला नेलं, गाव हिंडवलं, माशाचं कालवण रांधून पोटभर जेवायला घातलं, आणि मी तिकडे बोटं चाटत असताना इकडे बारामतीत त्यांचा गाळा विकला गेला. विकत घेणारी माझी बायको होती.

एवढं सांगितलं की लोक विचारतात, मग यात फसवणूक कुठं झाली? गाळा तर तुमच्याच घरात आला. असं विचारणाऱ्यानं आयुष्यात कधी सौदा केलेला नसतो, असं माझं मत आहे. सौदा हातचा जातो, ते दुःख मला माहीत आहे. पण सौदा पदरात पडतो आणि तो होताना आपण तिथं नसतो, हे दुःख मला यासीनभाईंनी नव्यानं दाखवलं.

मी मूळचा सांगवीचा. सायकलच्या कॅरेजला भाजीची पाटी बांधून बारामतीत आलो आणि आता ठिबकच्या नळ्या, पाइप आणि पाण्याच्या मोटारी विकतो. मधलं सगळं मी बोलून मिळवलं. जीभ सोडली तर माझ्याकडे दुसरं भांडवल नव्हतं, आणि त्या जिभेला राग फार लवकर येतो. भाव ठरला, हात मिळाले, की मी शेवटी विचारतोच, "वर काय?" भाजीवर कोथिंबिरीची काडी मागावी, तसं मी टेम्पो घेतानाही काहीतरी वर मागितलेलं आहे. एकदा दाढ काढायला गेलो, तेव्हा डॉक्टरांना म्हणालो, शेजारचा दात पण हलतोय, तो वर काढून द्या. त्यांनी दिला. तो हलत नव्हता, हे मला घरी आल्यावर कळलं.

अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून यासीनभाईंचं मसाल्याचं दुकान होतं. पुढं मिरची, धने, खोबऱ्याची पोती आणि मागच्या बाजूला मसाला कुटायचा डंका. डंका सुरू झाला की माझ्या दुकानात पहिल्यांदा भिंत हलायची आणि मग गिऱ्हाईक शिंकायला लागायचं. मी नवा असताना एकदा माळेगावचा एक बागायतदार मोटारीचा भाव ऐकून होकार देणार, एवढ्यात त्याला अशा शिंका सुटल्या, की तो डोळे पुसत बाहेर गेला आणि परत आलाच नाही. मी तडक शेजारी घुसलो. तोंडाला येईल ते बोललो. यासीनभाई काट्याशी बसले होते. अंगात पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. दिवसभर मिरचीत बसणाऱ्या माणसाच्या शर्टावर एक लाल ठिपका नव्हता. मला त्याचाच जास्त राग आला.

माझं बोलून संपेपर्यंत त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "दत्तोबा, तुमचा आवाज लई कोरडा झालाय. च्या घ्या."

"मला च्या नगं. डंका बंद करा."

"करतो की. तुमच्या गिऱ्हाइकाच्या टायमाला करतो. तुमी निस्ती भितीवर थाप मारा."

त्यानंतर मी भिंतीवर थाप मारली की डंका थांबायचा. त्या दिवशी मी चहा घेतलाच, आणि निघताना पाव किलो कांदा-लसूण मसालाही घेऊन आलो. पूर्ण भावानं. घरी बायकोनं, म्हणजे मंगलनं, पुडी बघितली आणि विचारलं, "तुमी भांडायला गेला हुता न्हवं?"

यासीनभाई भाव करत नसत. एकदा आकडा सांगायचा. गिऱ्हाइकानं कमी-जास्त करायला सुरुवात केली की काट्यातली मिरची हलक्या हातानं परत पोत्यात सोडायची, आणि त्या माणसाला बसायला सांगायचं. राग नाही, टोमणा नाही. बाईमाणूस असेल तर पाणी द्यायचे. निम्मी गिऱ्हाइकं पाणी पिऊन तोच भाव देऊन जायची. मी म्हणायचो, "भाई, ह्यो धंदा न्हाय. भाव केल्याबिगर गिऱ्हाइकाला घेतल्यागत वाटत न्हाय."

"वाटंल की घरी गेल्यावर, खाल्ल्यावर."

माणसांना ते मिरचीच्या नावानं ओळखायचे. रंगाला बरा पण आत काही नाही, असा माणूस म्हणजे ब्याडगी. पहिल्यांदा काही वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी आठवण येते, तो संकेश्वरी. मी अर्थातच लवंगी. एकदा मी विचारलं, "आणि आमची मंगल?" तर म्हणाले, "वैनी मीठ हायत." मी हसलो. तेव्हा मला ते कौतुक वाटलं नव्हतं.

आता गाळ्याचं. माझं दुकान मला पुरेना झालं. पाइपची भेंडोळी रस्त्यावर, नळ्यांची पोती पायरीवर. नगरपालिकेची माणसं येऊन बोलून जायची आणि मी त्यांना उलटं बोलायचो. यासीनभाईंना मुलगा नाही, मुलगी मिरजेला दिलेली. कधीतरी ते तिकडं जाणार, हे दुकानांच्या सगळ्या ओळीला माहीत होतं. त्यामुळे तो गाळा मलाच मिळाला पाहिजे, हे मी कित्येक वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. राहिला होता फक्त भाव.

माझी पद्धत अशी, की घ्यायच्या वस्तूला आधी नावं ठेवायची. मी सांगायचो, भाई, तुमचा गाळा गळतो. शटर अडकतं. मागं ओल आहे. दुसरा कुणी असता तर चिडला असता आणि चिडलेल्या माणसाकडून वस्तू स्वस्तात निघते. यासीनभाई म्हणायचे, "व्हय, गळतंय. म्हनून तर तुमाला नगं म्हंतो. तुमचा माल भिजंल." मी परत येऊन पाइप मोजायला लागायचो.

तरी एका दिवाळीच्या आसपास मी जवळजवळ जमवलं होतं. जमवलं म्हणजे त्यांचा भाव ऐकून मी होकार देण्यापर्यंत आलो होतो. चहा आला. मंगल आणि त्यांच्या बेगम, नूरभाभी, दोघी आत बसल्या होत्या. यासीनभाईंनी हात पुढं केला. मी हात हातात घेतला आणि सवयीनं म्हणालो, "मग भिंतीच्या फळ्या वर ऱ्हाऊ द्या."

फळ्या सागवानी होत्या. त्यांच्या वडिलांनी बसवलेल्या. यासीनभाईंनी माझा हात सोडला, कप उचलून आत ठेवला आणि काट्याशी जाऊन बसले. पुढं वर्षभर गाळ्याचं नाव काढलं नाही. घरी मंगल म्हणाली, "फळ्या मागायच्या काय नडल्या हुत्या?" मी म्हणालो, तुला धंद्यातलं कळत नाही. हे वाक्य मी तिला बऱ्याचदा ऐकवलेलं आहे.

मागच्या हिवाळ्यात एक मोबाइलवाला ओळीत हिंडायला लागला. काचेचं दार, थंड हवा, दारात फुगे, असलं दुकान त्याला टाकायचं होतं. तो यासीनभाईंकडे दोनदा येऊन गेला. मला झोप येईना. तो रोख माणूस होता आणि भाव करणारा दिसत नव्हता. असली माणसं बाजार नासवतात. त्याच आठवड्यात यासीनभाई सकाळी माझ्या दारात आले आणि म्हणाले, "दत्तोबा, इंदापूरला येता का? माझी शाळा तितली. मिरजेला जायच्या आदी येकदा गाव बघू म्हंतो. मासा रांधू, जेवू, सांजच्याला परत."

"दुकान?"

"वैनी बसतील की."

मला मनातून उकळ्या फुटल्या. दिवसभर माणूस माझ्या ताब्यात, पोट भरलेलं, मन हळवं झालेलं. गाळा त्या दिवशी निघालाच म्हणून समजा. मी म्हणालो, येतो. त्यांनी दोन अटी घातल्या. फोन बंद ठेवायचा आणि जेवण होईपर्यंत गाळ्याचा विषय काढायचा नाही. मी दोन्ही लगेच मान्य केल्या. भाव न करता मान्य केलेल्या माझ्या आयुष्यातल्या ह्या पहिल्या अटी.

एसटीत ते खिडकीशी बसले आणि दिसेल ते बघत राहिले. मी गाळ्याचा विचार करत राहिलो. इंदापूरला उतरल्यावर मला वाटलं थेट मासे घेऊ. पण त्यांना कशाचीच घाई नव्हती. आधी गढीकडं चालत नेलं. तिथं ऊन खात बसले. मग पेठेतून एका बोळात नेऊन एक दार दाखवलं, "हितं माजे मामू ऱ्हायचे." दार दुसऱ्याच कुणाचं होतं. आतल्या बाईनं कोण पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कोन न्हाय, ताई. दार बघत हुतो. रंग बरा दिलाय." दर्ग्यात गेले, आत डोकं टेकवून आले आणि बाहेर माझ्या हातावर साखर ठेवली. एका दुकानात चहा घेतला, पुढच्या दुकानात पुन्हा घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "ह्याचा बाप आन् त्याचा बाप दोगं माज्या वर्गात. येकाकडंच पिलो तर दुसऱ्याला कळंल." रिकाम्या हातानं, काही न घेता, न विकता असं गावात हिंडायची मला सवय नाही. माझे पाय आपोआप दुकानांकडं वळत होते. एका ठिकाणी मी घमेल्यांचा भाव विचारून आलो. मला घमेली नको होती.

मासळी बाजारात मात्र मी बाह्या सरसावल्या. उजनीच्या पाण्यातला मासा इथं येतो. एका बाईकडं पाण्याच्या टोपात जित्या मरळी होत्या. यासीनभाईंनी एकीकडं बोट दाखवलं. बाईनं भाव सांगितला. ते पिशवी पुढं करणार, तोच मी मध्ये पडलो.

"बाई, जरा बगून बोला. मरळ येवडीशी तर हाय."

ती म्हणाली, "आबा, मग मोटी दाकवू?"

"मोटी नगं. हिचाच भाव कमी करा."

"भाव कमी केला तर मासा मरतोय का?"

"काय?"

"न्हाय, तुमी लई जीव काडताय म्हनून इचारलं."

शेजारच्या दोघी बायका हसल्या. मला रागानं घाम फुटला. आबा म्हणण्याइतकं माझं वय झालेलं नाही. मी म्हणालो, आम्हाला मासाच नको, आणि तरातरा दहा पावलं पुढं गेलो. ही माझी जुनी युक्ती आहे. गिऱ्हाईक निघालं की विकणारा हाक मारतो. कुणी हाक मारली नाही. मागं वळून बघतो तर यासीनभाईंनी पैसे दिलेले, बाई मासा साफ करतेय, आणि दोघं मिरजेला मासा कसा मिळतो याबद्दल बोलत आहेत. मला बघून ती म्हणाली, "आला का आबा? त्यास्नी बसाया पोतं दे गं."

बाजारातून कोथिंबीर, कांदे, चिंच घेऊन आम्ही रिक्षानं त्यांच्या एका शाळूसोबत्याच्या मळ्यात गेलो. सोबती पेरू घेऊन मार्केटला गेला होता, पण वस्तीची किल्ली ठेवून गेला होता. समोर लांबवर पाणी पसरलेलं. पेरूच्या झाडाखाली तीन दगडांची चूल. यासीनभाईंनी शर्टाच्या बाह्या दोन घड्या दुमडल्या. एवढीच त्यांची तयारी.

कांदा आणि खोबऱ्याची वाटी त्यांनी सरळ विस्तवात टाकली. मी म्हणालो, करपतंय. ते म्हणाले, करपू द्या. मी म्हणालो, काढा आता. ते म्हणाले, बसा. कांदा वरून काळा झाला, आत मऊ झाला, तेव्हा काढला आणि साल झाडून पाट्यावर माझ्यासमोर ठेवला. वाटायचं काम माझं. मी दोन-चार हात मारले आणि झालं म्हणालो. त्यांनी करंगळीनं चाखून बघितलं. "अजून." मी पुन्हा वाटलं. "अजून." तिसऱ्या वेळी मी वरवंटा आपटला. ते हसून म्हणाले, "हां, आता बारीक हुईल. राग वाटनातच काडावा."

तेलात वाटण पडलं, त्यांच्या डब्यातला काळा मसाला पडला आणि असा वास सुटला, की मी गाळा विसरलो. थोडा वेळच, पण विसरलो. चिंचेचं पाणी उकळल्यावर तुकडे सोडले. मी लगेच पळी घेऊन ढवळायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पळी न्हाय घालायची. मोडतोय त्यो. पातेल्याच्या कडा धरा आन् निस्तं फिरवा."

मी फडक्यानं कडा धरल्या आणि पातेलं फिरवलं. जरा जोरात फिरवलं. कालवण उसळून चुलीत सांडलं, निखारे चरचरले आणि राख उडून माझ्या तोंडावर आली. त्यांच्या शर्टावर नाही, माझ्याच तोंडावर. भाकरी मी करतो म्हणालो होतो, कारण सांगवीत आई आजारी असताना मी केलेल्या आहेत. पहिली उचलताना फाटली. दुसरी फाटू नये म्हणून जाड केली, ती आत कच्ची राहिली. ती कच्ची त्यांनी स्वतःच्या ताटात ओढली आणि कालवणात चुरून खाल्ली.

आम्ही जेवत असताना त्यांचा फोन वाजला. माझा बंद होता, त्यांचा चालू, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. ते उठून पेरूच्या रांगेत गेले. मला एवढंच ऐकू आलं, "झालं? दोगींच्या सह्या? बरं झालं." परत येऊन त्यांनी मरळीचं डोकं माझ्या ताटात वाढलं. मला वाटलं, मुलीकडची काहीतरी कागदपत्रं असतील. मी डोकं खाल्लं.

हात धुतले आणि मी विषय काढला. "भाई, मोबाइलवाल्याच्या नादी लागू नगा. गाळा मला द्या." आणि मी माझा नेहमीचा आकडा सांगितला.

मला वाटलं होतं, ते पाणी देतील. पण यासीनभाई मांडी घालून नीट बसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "येवड्यात? दत्तोबा, येवड्यात तर शटर बी येत न्हाय."

मी चकित झालो. म्हणालो, "आवो, शटर अडकतंय तुमचं."

"अडकतंय म्हनून तर चोरी झाली न्हाय कदी. त्याचं येगळं लावा."

"गळतंय."

"मोबाइलवाल्याला चालतंय गळल्यालं. त्यो वरनं पत्रा टाकनार हाय. त्याचा आकडा सांगू?"

सांगितला. मी उठून उभा राहिलो, चार पावलं चाललो. मागून आवाज आला, "जाताना पातेलं घासून जावा." मी परत आलो. मी आकडा वाढवला. ते आकाशाकडं बघून हसले. मी माझ्या पोराबाळांचा विषय काढला, त्यांनी डंक्याचा काढला. मी म्हणालो तुम्ही शेजारधर्म विसरलात, ते म्हणाले शेजार म्हणून तर एवढं ऐकून घेतो. ऊन कलेपर्यंत आमचं चाललं. असा गडी मला आयुष्यात भेटला नव्हता. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, कुठं दुखावल्यासारखं दाखवायचं, सगळं त्यांना येत होतं. शेवटी मी त्यांच्या जुन्या भावाच्याही वर गेलो आणि तिथं त्यांनी हात दिला. फळ्यांचं ओठावर आलेलं नाव मी गिळलं. तरी "वर काय?" निघालंच.

"वर कालवन. खाल्लं की तुमी."

संध्याकाळी मी छाती काढून घरी आलो. दारातूनच ओरडलो, "मंगल, गाळा घेतला! मोबाइलवाला बोंबलत गेला!"

आत मंगल आणि नूरभाभी पेढ्याचा पुडा उघडून बसल्या होत्या. मंगल म्हणाली, "व्हय, दुपारीच घेतला. नोंदणी झाली. पेढा घ्या."

सांगायचं राहिलं. माझं दुकान आणि बँकेचं खातं मंगलच्या नावावर आहे. बाईच्या नावावर कर्ज सवलतीत मिळतं म्हणून ती हुशारी मीच केलेली. आणि यासीनभाईंचा गाळा नूरभाभींच्या नावावर होता. त्यामुळे सह्या करायला आम्हा दोघा पुरुषांची कुणाला गरजच नव्हती. एकालाच लांब न्यायची गरज होती.

मी जे काही ओरडलो, ते सगळ्या आळीनं ऐकलं. मला न विचारता? माझ्या मागं? मंगल शांतपणे म्हणाली, "तुमी आला आसता तर पुन्यांदा फळ्या मागितल्या आसत्या. आन् गाळा त्या फुगेवाल्याला गेला आसता."

"आणि फळ्यांचं काय?"

नूरभाभी म्हणाल्या, "त्या त्येंनी आपनहून ठिवल्यात."

मी कागद हिसकावून आकडा बघितला. यासीनभाई मला कित्येक वर्षांपूर्वी जो भाव सांगत होते, तोच. मोबाइलवाल्यापेक्षा कितीतरी कमी. त्या दुपारी मी पेरूखाली ज्यावर हात मिळवला, त्याहून कमी. म्हणजे मी तिकडं आपल्याच घरच्या गाळ्याचा भाव वाढवत बसलो होतो, आणि तोसुद्धा जिंकल्यासारखा.

यासीनभाई दारात उभे होते. मी म्हणालो, "इकल्याल्या गाळ्याचा माझ्याशी भाव केला तुमी!"

"व्हय," ते म्हणाले. "तुमची हौस ऱ्हायली आसती, दत्तोबा."

मी त्यांच्याशी बोलायचं बंद केलं. ते मिरजेला निघाले त्या सकाळी मात्र मी दुकान लवकर उघडलं. टेम्पोत डंका बांधलेला, पोती नव्हती, भाभी मधे आणि ते दाराच्या बाजूला. पांढरा शर्ट. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि माझ्या अडीच हात बाहेर आलेल्या पाइपच्या भेंडोळ्याकडं बघून म्हणाले, "आता आत घ्या की ते." टेम्पो ओळीच्या टोकाला वळेपर्यंत त्यांचा हात काचेबाहेर होता. मी हात केला नाही. माझ्या हातात पाइप होता, असं मी मंगलला सांगितलं.

आता भेंडोळी आत आहेत. नगरपालिकेची माणसं येत नाहीत, त्यामुळे भांडायला कुणी नाही. मंगल म्हणते, फोन करा, बोला. मी फोन करणार नाही. मी मिरजेला जाणार आहे, समोर बसणार आहे आणि त्यांना एकच गोष्ट विचारणार आहे. ज्या माणसाला इतका देखणा भाव करता येत होता, तो माणूस इतकी वर्षं माझ्या भिंतीपलीकडं एक आकडा सांगून गप्प का बसला? माझी इतकी वर्षं त्यानं कोरडी का घालवली? याचं उत्तर यासीनभाईंनी दिलं पाहिजे. आणि ते देईपर्यंत मी त्यांच्या दारातून उठणार नाही.